बॉनेटला भोक पाडण्यापूर्वी

अमरावती किंवा अकोला शहरातील एखाद्या मोठ्या चौकात संध्याकाळी अर्धा तास उभे राहिले, तर रोजच्या वाहनांच्या गर्दीत मधूनच एखादे निराळे वाहन दिसते. मूळची ती साधी, लहान मोटार असते. पण तिच्या बॉनेटवर नाकपुड्यांसारखे उंचवटे बसवलेले असतात. तोंडाशी बारीक काळी जाळी, जाळीपुढे चार वाटोळे दिवे, मागे पंखासारखी पट्टी, काचा काळ्याभोर, आणि आवाज दोन गल्ल्या पलीकडे ऐकू जाईल असा. मालकाच्या मनात ती आता स्पोर्ट्स कार झालेली असते. मोटारसायकलींचेही तेच. कोणी टाकीभोवती प्लॅस्टिकचे आवरण चढवतो, तर कोणी सायलेन्सर बदलतो.

वडीलधारी मंडळी हे पाहून नाक मुरडतात आणि पोलीस पावती फाडतात. विद्यार्थी मित्रांनो, मला मात्र या दोन्ही गोष्टी अपुऱ्या वाटतात. आपल्या हातातले यंत्र उघडून पाहावे, त्यात काही बदल करावा, ते अधिक देखणे करावे, ही ओढ चांगली आहे. जगातील कितीतरी यंत्रज्ञ याच ओढीतून घडले. चुकते ते पुढे. बदल करणारा आधी पाहतो ते चित्र, मग बघतो किंमत. आणि त्या बदलाने हवेचे, उष्णतेचे व कायद्याचे काय होणार आहे हे मोजण्याचे राहूनच जाते. वऱ्हाडात हे राहून जाणे महागात पडते. ते का, हे पाहू. आणि त्यावर उपाय कोणता, याविषयी माझे मतही सांगू.

वऱ्हाडचे ऊन आणि रेडिएटरचे गणित

पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनात जेवढी उष्णता निर्माण होते, तिचा साधारण एक-चतुर्थांश ते एक-तृतीयांश भागच चाके फिरवण्याच्या कामी येतो. जवळजवळ तेवढाच भाग धुराबरोबर सायलेन्सरवाटे निघून जातो. उरलेल्यापैकी बराच भाग इंजिनाभोवती खेळणारे पाणी, म्हणजे कूलंट, उचलते आणि रेडिएटरमध्ये आणून हवेच्या स्वाधीन करते. हे काम थांबले तर काही मिनिटांत इंजिन तापते, हेडचे गॅस्केट जाते, आणि कधी कधी हेडच वाकते.

रेडिएटर हवेला किती उष्णता देऊ शकेल, हे मुख्यतः दोन गोष्टींवर अवलंबून असते. एक, त्यातून किती हवा जाते. दोन, कूलंट आणि हवा यांच्या तापमानात किती फरक आहे. हा दुसरा मुद्दा वऱ्हाडच्या माणसाने पाठ करून ठेवावा असा आहे. कूलंटचे तापमान ९५ अंश सेल्सिअस धरू. बाहेरची हवा २५ अंश असेल, तर फरक ७० अंशांचा पडतो. बाहेरची हवा ४५ अंश असेल, तर फरक ५० अंशांचाच राहतो. म्हणजे तोच रेडिएटर, तोच पंखा आणि तोच वेग असूनही उष्णता फेकण्याची ताकद सुमारे ७१ टक्क्यांवर आली. शिवाय गरम हवा विरळ असते. २५ अंशांच्या तुलनेत ४५ अंशांच्या हवेचे वजन, तेवढ्याच आकारमानाला, सहा-सात टक्के कमी भरते. तेव्हा घट आणखी थोडी वाढते.

आणि ४५ अंश हा आकडा केवळ उदाहरणासाठी घेतलेला नाही. मे २०२४ मध्ये अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे गेला, तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांनी उन्हामुळे ३१ मेपर्यंत कलम १४४ लागू केले होते. हे तापमान हवामान खाते सावलीत, जमिनीपासून काही उंचीवर मोजते. मोटारीचे तोंड मात्र तापलेल्या डांबराच्या अगदी जवळ असते. अमरावती-अकोला महामार्गावर जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर घालून विश्वविक्रम झाला, हे तुम्ही ऐकले असेल. तो गुळगुळीत काळा रस्ता दुपारी दोन वाजता हात लावून पाहा, म्हणजे मोटारीच्या तोंडात कोणती हवा जाते याचा अंदाज येईल. एअर कंडिशनर चालू असेल, तर त्याची जाळी रेडिएटरच्या पुढेच बसवलेली असते. म्हणजे रेडिएटरला मिळते ती आधीच एकदा तापलेली हवा.

कारखानदार हे सारे जाणून रेडिएटरची क्षमता थोडी जास्त ठेवतो. ही जास्तीची क्षमता म्हणजे अडीअडचणीसाठी घरात राखून ठेवलेली धान्याची कणगी समजा. वऱ्हाडचा उन्हाळा ती कणगी स्वतःच अर्धी करतो. उरलेली आपण सजावटीवर उधळायची का, हा खरा प्रश्न आहे.

या कणगीला आणखी दोन उंदीर लागलेले आहेत. पहिला म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यातील भूजल खारट असते. ते पाणी रेडिएटरमध्ये घातले की आतल्या बारीक नळ्यांत क्षार साचतात आणि धातूला गंजही चढतो. क्षारांचा पातळ थरही उष्णता अडवतो. दुसरा उंदीर बाहेरचा. धूळ, किडे आणि कापसाच्या हंगामात जिनिंगच्या परिसरात उडणारे तंतू रेडिएटरच्या पापुद्र्यांत अडकतात. म्हणून सांगावेसे वाटते की, मोटार थंड राहावी असे वाटत असेल तर पहिला बदल सर्वांत स्वस्त आहे. रेडिएटर आतून धुऊन घ्या, कंपनीने सांगितलेला कूलंट शुद्ध पाण्यात योग्य प्रमाणात मिसळून भरा, आणि बाहेरचे पापुद्रे हलक्या धारेने साफ करा. या बदलाचे छायाचित्र कोणी काढत नाही, एवढाच त्याचा दोष.

रूप आणि वारा

आता सजावटीकडे वळू. सर्वांत लोकप्रिय बदल म्हणजे तोंडाशी बारीक जाळी बसवणे. ती दिसते छान. तिचे गणित मात्र आठवीचा विद्यार्थीही करील. समजा जाळीचे चौकोनी भोक २ मिलिमीटरचे आणि तार अर्ध्या मिलिमीटरची आहे. म्हणजे दर अडीच मिलिमीटरला २ मिलिमीटर मोकळी जागा. दोन्ही दिशांनी हिशेब केला तर मोकळे क्षेत्रफळ ०.८ गुणिले ०.८, म्हणजे ६४ टक्के. एक-तृतीयांशाहून अधिक दार आपण बंद केले! हवा नेमकी त्याच प्रमाणात घटते असे नाही, कारण उरलेल्या भोकांतून ती अधिक वेगाने शिरते. पण अडथळा वाढतो हे नक्की. जाळीवर रंगाचे दोन हात दिले आणि चार महिन्यांची धूळ बसली, म्हणजे ६४ चे ५० होण्यास वेळ लागत नाही. जाळीपुढे वाटोळे दिवे लावले तर त्यांची सावली रेडिएटरवर पडते. ही सावली उजेडाची नसून वाऱ्याची असते, म्हणून डोळ्यांना दिसत नाही.

दुसरा बदल म्हणजे बॉनेटची मागची बाजू वर उचलणे. बिजागरीखाली वॉशर घालून बॉनेट काचेच्या बाजूने बोटभर उचलले की गरम हवा मागून निघून जाईल, अशी समजूत आहे. मोटार उभी असताना ही समजूत काही अंशी खरी ठरते. गरम हवा हलकी असते, ती फटीतून वर जाते. पण मोटार वेगात असताना काय होते? समोरून येणारा वारा बॉनेटवरून घसरत येतो आणि काचेच्या पायथ्याशी अडतो. तिथे त्याचा वेग कमी होऊन दाब वाढतो. वारा नेहमी जास्त दाबाकडून कमी दाबाकडे वाहतो. तेव्हा फटीतून हवा बाहेर पडण्याऐवजी आतच शिरते! इंजिनाच्या खोलीतील दाब वाढला की रेडिएटरमधून येणारी हवा उलट कमी होते.

हे तर्काने सुचलेले कोडे नव्हे. १९६९ साली अमेरिकेतील शेव्हरले कंपनीने आपल्या कॅमारो या मोटारीसाठी असे बॉनेट दिले होते, ज्याचे तोंड पुढे नसून मागे, काचेकडे होते. उद्देश असा की काचेच्या पायथ्याशी असलेली जास्त दाबाची, बाहेरची हवा इंजिनाच्या श्वासासाठी मिळावी. म्हणजे ज्या जागेला आपल्याकडे हवा जाण्याचा मार्ग समजतात, तीच जागा तिथे हवा घेण्याचा मार्ग म्हणून मुद्दाम वापरली गेली. गरम हवा खरोखर बाहेर काढायची असेल, तर भोक बॉनेटच्या पुढच्या भागात हवे. तिथे वारा वळसा घेताना वेग घेतो आणि दाब कमी होतो. शर्यतीच्या मोटारींची भोके रेडिएटरच्या लगेच मागे दिसतात, त्याचे कारण हेच.

तिसरा प्रकार नकली नाकपुड्यांचा. त्यांना आत भोकच नसते. त्या थंड करत नाहीत आणि तापवतही नाहीत. वाऱ्याला अडथळा मात्र करतात. याउलट १९४५ च्या सुमारास अमेरिकेतील विमानविद्येच्या नाका या संस्थेने एक तोंड शोधून काढले. ते पृष्ठभागाच्या वर येत नाही. हळूहळू खोल आणि रुंद होत जाणाऱ्या त्या खाचेतून हवा आपोआप आत वळते. पुढे ते शर्यतीच्या मोटारींवर आले आणि आज अनेकांना ते अत्यंत देखणे वाटते. त्याचे सौंदर्य कामातून आले आहे. बैलगाडीचे चाक, मोटेचा सुंदर वळलेला नाडा किंवा जुन्या वाड्याची झरोक्याची भिंत आपल्याला आवडते, तेही याच कारणाने.

मोटारसायकलींबद्दलही दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण घरोघरी त्याच अधिक. ज्या मोटारसायकलीच्या इंजिनाला बाहेरून धातूचे पापुद्रे असतात, ते वाऱ्याने थंड होते. पापुद्रे म्हणजेच तिचा रेडिएटर. त्याभोवती शर्यतीच्या मोटारसायकलीसारखे बंद आवरण चढवले, किंवा पापुद्र्यांवर जाड रंगाचे थर दिले, तर आपण भर उन्हात इंजिनाला गोधडी पांघरली असे होते.

गॅरेजमधील एक सल्लाही येथे तपासून घेऊ. "उन्हाळा आहे, थर्मोस्टॅट काढून टाका" असे अनेक मिस्त्री सांगतात. मिस्त्रींचा अनुभव मोठा असतो आणि तो आदराने ऐकावा. पण प्रश्नही विचारावा. थर्मोस्टॅट ही तापमान पाहून उघडझाप करणारी झडप आहे. इंजिन गरम झाल्यावर चांगली झडप पूर्ण उघडतेच. मग ती काढून मिळणार काय? ती बिघडली असेल तर नवी बसवावी. काढून टाकली तर हिवाळ्यात इंजिन योग्य तापमानाला पोचण्यास वेळ लागतो, पेट्रोल जास्त जाते आणि झीज वाढते. काही इंजिनांत तर ही झडप नसली की पाण्याचा एक भाग रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनातच जातो आणि तापमान उलट वाढते.

या साऱ्याची परीक्षा सपाट रस्त्यावर होत नाही. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना ती होते. गियर खालचा, इंजिन जोरात, मोटारीचा वेग मात्र कमी. समोरून वारा नाही आणि उष्णता भरपूर. जुन्या काळी ट्रकच्या व जीपच्या तोंडाशी कापडी छागल लटकवलेली असे. आत पिण्याचे गार पाणी असे आणि वेळप्रसंगी तेच रेडिएटरच्या कामी येई. छागल पाणी गार करते ते बाष्पीभवनाने. आपल्या लोकांना उष्णतेचे शास्त्र नवे नाही. आपण ते विसरू नये, एवढेच.

चार आण्यांची प्रयोगशाळा

"वारा दिसत नाही, मग मोजायचा कसा?" असे तुम्ही विचाराल. वारा दाखवता येतो, आणि त्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही.

पुठ्ठ्याची फूटभर लांबीची मोटार तयार करा. बॉनेट, काच आणि टप यांचे उतार ठळक ठेवा. तिच्यावर लोकरीचे दोन-दोन इंचांचे धागे एका टोकाला चिकटवा. आता तिच्यासमोर टेबलफॅन लावा. पंख्याची हवा गरगरत येते, म्हणून पंखा आणि मोटार यांच्यामध्ये शीतपेय पिण्याच्या नळ्यांची एक जुडी आडवी ठेवा, म्हणजे वारा बराच सरळ होतो. धागे जिथे सपाट पडून राहतात, तिथे वारा चिकटून वाहतो आहे. जिथे ते थरथरतात किंवा उलटे वळतात, तिथे भोवरे आहेत. काचेच्या पायथ्याचे धागे नीट पाहा.

मोठ्या वर्गातील विद्यार्थ्यांनी शिक्षकांच्या मदतीने खऱ्या मोटारीवर दाबही मोजावा. पारदर्शक रबरी नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून फळीवर बसवा आणि तिच्यात रंगीत पाणी भरा. एक टोक मोटारीच्या आत मोकळे ठेवा. दुसऱ्याला लांब नळी जोडून ती काचेच्या पायथ्याशी, मग बॉनेटच्या पुढच्या भागावर चिकटवा. मोटार जाणत्या माणसाने, मोकळ्या आणि सुरक्षित जागी, ताशी ४० किलोमीटर वेगाने चालवावी. मागे बसलेल्याने पाण्याची पातळी वाचावी. या वेगाला वारा पूर्ण अडला तर पाण्याच्या दोन पातळ्यांत सुमारे ७ मिलिमीटर फरक पडायला हवा. वेग दुप्पट केला तर फरक चौपट होतो. कोणत्या जागी पाणी वर जाते आणि कोणत्या जागी खाली, हे वहीत लिहा. भोक कुठे असावे, हे ती वही सांगेल.

एक सूचना मात्र कधीही विसरू नका. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. झाकणाने आतला दाब वाढवून ठेवलेला असतो. हवेच्या दाबाच्या दुप्पट दाबाला पाणी सुमारे १२० अंशांला उकळते. झाकण उघडताच दाब उतरतो आणि शंभराच्या वर तापलेले पाणी क्षणार्धात उसळून अंगावर येते.

कायद्याचे आकडे

आता कायदा. अनेकांना तो पोलिसांच्या मर्जीचा खेळ वाटतो. जवळून पाहिले तर त्यातील कितीतरी गोष्टी मोजमापाच्या आहेत.

काळ्या काचांचे घ्या. मोटार वाहन नियमांप्रमाणे पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के दृश्य प्रकाश आरपार गेला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१२ मध्ये काचांवर काळी फिल्म चिकटवण्यास मनाई केली. पुढे नियमात दुरुस्ती होऊन १ एप्रिल २०२१ पासून ठरावीक मानकाच्या 'सेफ्टी ग्लेझिंग'ला त्यात स्थान मिळाले. २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने या दुरुस्तीचा अर्थ लावताना मर्यादेत बसणाऱ्या फिल्मला मुभा असल्याचे म्हटले. पण ७० आणि ५० हे आकडे आहेत तिथेच आहेत. "वऱ्हाडच्या उन्हात काळ्या काचा हव्यातच" असे म्हणणाऱ्यांना विज्ञान वेगळेच सांगते. जमिनीवर पोचणाऱ्या सूर्याच्या ऊर्जेपैकी निम्म्याच्या आसपास ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत असते. ते किरण अडवणारी काच जवळजवळ पारदर्शक असू शकते. काळेपणा म्हणजे गारवा नव्हे. काळ्या काचेने रात्री रस्ता ओलांडणारा माणूस मात्र दिसेनासा होतो.

आवाजाचेही तसेच. ८० ते १७५ घनसेंटिमीटरच्या मोटारसायकलीला नियमाने ७७ डेसिबल आणि त्याहून मोठ्या इंजिनाच्या मोटारसायकलीला ८० डेसिबल ही मर्यादा कारखान्यातील चाचणीसाठी आहे. डेसिबलचे माप फसवे असते. ८० चे ९० झाले म्हणजे आवाजाची ऊर्जा सव्वापट नव्हे, दहापट झाली. सायलेन्सरचे पोट काढून टाकणारा तरुण आपल्या एका मोटारसायकलीचा आवाज दहा मोटारसायकलींएवढा करतो, आणि तो दवाखान्यापुढून व परीक्षा चालू असलेल्या शाळेपुढून नेतो. राज्यातील अनेक शहरांत पोलिसांनी असे सायलेन्सर जप्त करून रांगेने मांडले आणि त्यांवर रोलर फिरवला. त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम. नोंदणीपुस्तकातील तपशील कारखानदाराने मुळात ठरवून दिलेल्या तपशिलाहून वेगळा होईल, असा बदल मालकाने करू नये, असे ते सांगते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाचा आधार घेऊन बदलांवरील बंधन उचलून धरले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बेकायदा बदलासाठी पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी शिक्षा कायद्यात आली. मोटारीपुढे लोखंडी गार्ड बसवण्यावरही केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कारवाई करण्यास कळवले. त्यामागेही विज्ञान आहे. मोटारीचे तोंड चेपून धक्का शोषून घेण्यासाठी बनवलेले असते. गार्ड तो धक्का सरळ सांगाड्यात नेतो, आणि समोर पायी चालणारा असेल तर त्याला अधिक जबर मार बसतो.

आणि मित्रांनो, तुमच्यापुरती एक गोष्ट. अठरा वर्षांखालील मुलाने मोटार चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्या मुलाला पंचवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत परवाना मिळत नाही. तेव्हा तुमचे आजचे क्षेत्र वही, पुठ्ठा, पंखा आणि पाना हेच आहे. ते लहान नाही.

माझी तक्रार

कायद्याची बाजू मी मांडली. आता त्याच्याविषयीची तक्रारही मांडतो. हा कायदा उनाड आणि कुशल यांच्यात फारसा फरक करत नाही. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. तेथील एका कारागिराने टाकाऊ सुटे भाग जोडून किक मारून सुरू होणारी छोटी चारचाकी तयार केली. डिसेंबर २०२१ मध्ये तिची चित्रफीत देशभर पाहिली गेली. उद्योगपती आनंद महिंद्र यांनी तिचे कौतुक केले. ती कोणत्याही नियमात बसत नाही आणि आज ना उद्या अडवली जाईल, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले. जानेवारी २०२२ मध्ये त्या कारागिराला तिच्या बदल्यात नवी बोलेरो मिळाली. गोष्टीचा शेवट गोड झाला. पण प्रत्येक कारागिराला बोलेरो मिळत नाही. "माझी गाडी तपासा, उणे असेल ते सांगा, दुरुस्त करून पुन्हा आणतो," असे म्हणत तो कारागीर कोणत्या खिडकीपाशी उभा राहिला असता? तशी सोपी खिडकी सामान्य माणसासाठी नाही.

इतर काही देशांत ती आहे. जर्मनीत वाहनात केलेला बदल तज्ज्ञ संस्थेकडून तपासून घेता येतो आणि तो योग्य ठरला तर वाहनाच्या कागदपत्रांत नोंदला जातो. इंग्लंडमध्ये एकेका वाहनाची स्वतंत्र तपासणी करून त्याला रस्त्यावर येण्याची परवानगी देण्याची पद्धत आहे. लोटस कंपनीने १९५७ साली सुटे भाग विकून घरी जोडता येणारी 'सेव्हन' ही मोटार काढली, आणि अशा घरगुती स्पोर्ट्स कारची परंपरा त्या देशात आजही चालू आहे. तिथेही वाटेल ते चालत नाही. ब्रेक, दिवे, धूर, आवाज सगळे तपासतात. पण तपासतात!

आपल्याकडे हे अशक्य आहे असे म्हणता येणार नाही. सीएनजीचा मान्यताप्राप्त संच बसवून तशी नोंद करता येते. दिव्यांग व्यक्तीसाठी वाहनात बदल करण्याची सोयही कायद्याने केली आहे. पुण्याची एआरएआय ही संस्था १९६६ पासून वाहनांविषयी संशोधन व चाचण्या करत आहे. म्हणजे मोजणारे आहेत, मोजण्याची साधने आहेत आणि काही बदलांपुरती वाटही आहे. ती वाट थोडी रुंद करावी, एवढीच माझी मागणी. जिल्ह्याच्या परिवहन कार्यालयाने तंत्रनिकेतनाची मदत घ्यावी, वर्षातून ठरावीक दिवशी लहान बदलांची तपासणी ठेवावी, आणि निकाल आकड्यांत द्यावा. "नाही" म्हणायचे तर ते का, हे कळावे. कारण कळलेला तरुण पुढच्या वर्षी सुधारलेले काम घेऊन येतो. नुसती पावती मिळालेला तरुण दुसऱ्या रस्त्याने जाऊ लागतो.

तोपर्यंत हौस भागवण्यास मोकळी जागा नाही असेही नाही. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी २००७ पासून 'बाहा' ही स्पर्धा भरते. तिच्यात विद्यार्थी स्वतः चारचाकी तयार करतात, तिची तपासणी होते, आणि मगच ती मैदानात उतरते. इंदूरजवळचे पीथमपूर हे तिचे जुने ठिकाण, वऱ्हाडापासून फार दूर नाही. तिथे बॉनेटला भोक पाडण्यास कोणी अडवत नाही; ते का पाडले, एवढे विचारतात. उत्तर देता आले पाहिजे.

शिक्षकांना एक विनंती आहे. उष्णतेचा धडा शिकवताना 'वहन, अभिसरण, प्रारण' एवढे फळ्यावर लिहून थांबू नका. एखाद्या मिस्त्रीला आदराने शाळेत बोलवा. जुना रेडिएटर टेबलावर ठेवा, त्याचे पापुद्रे मुलांना मोजू द्या, क्षारांनी बुजलेली नळी कापून दाखवा. खारपाणपट्ट्यातील विहिरीचे पाणी आणि शुद्ध पाणी दोन वाट्यांत आटवून तळाशी काय उरते ते दाखवा. पुस्तकातील विज्ञान आणि रस्त्यावरची मोटार यांची गाठ तिथे पडेल.

आणि विद्यार्थ्यांनो, मोठे झाल्यावर तुम्ही मोटार सजवाल तेव्हा जरूर सजवा. फक्त प्रत्येक बदलाला तीन प्रश्न विचारा. याने वारा अडतो की वाहतो? मे महिन्यातल्या दुपारी, चिखलदऱ्याच्या घाटात हे टिकेल का? आणि समोरून येणाऱ्या अनोळखी माणसाला यापासून काही धोका आहे का? तिन्हींची उत्तरे आकड्यांत देता आली, तर तुमची मोटार देखणी दिसेल आणि तापणारही नाही. एकाचेही उत्तर देता येत नसेल, तर ड्रिल मशीन खाली ठेवा आणि आधी पुठ्ठ्याची मोटार करा.